डाव्या चाकाचा ब्रेक

प्रिय माई,

दोनदा साबण लावला तरी हाताचा ब्रेक ऑइलचा वास जात नाही. मेस्त्री मगाशीच गेला. गाडी खळ्यात, घरापुढच्या अंगणात उभी आहे, तोंड फाटकाकडे करून. उद्या सकाळी ती घेऊन मी नांदगावला वैजूकडे जाणार आहे. त्याआधी तुझी माफी मागायची आहे, म्हणून लिहायला बसलो. फोटो समोरच आहे तुझा, पण फोटोकडे बघून बोलणं मला जमत नाही. लिहिताना निदान मान खाली घालता येते.

तुझ्यावर आम्ही आळ घेतला, माई. सगळ्यांनी मिळून, नारळ ठेवून, हात जोडून घेतला. खरं काय ते ठाऊक असलेला तिथे मी एकटाच होतो आणि मीही हात जोडून उभा होतो.

यातलं अर्धं तुला माहीतच आहे. तरी मला पहिल्यापासून लिहू दे, नाहीतर मी मधलंच काहीतरी गाळून टाकीन. सवय आहे मला. ऑफिसातसुद्धा अडचणीचा मुद्दा मी टिपणीच्या शेवटी लिहितो, आणि तोही मोघम.

गाडी तू घेतलीस तेव्हाच जुनी होती. बदली होऊन निघालेल्या डॉक्टरांची, फिकट निळी. निवृत्त नर्सबायने म्हातारपणी गाडी शिकावी हे वाडीत कोणालाच पटलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मलाही नाही. ओरोसला ऑफिसात कोणी विचारलं तर मी म्हणायचो, आईकडे एक जुनी गाडी आहे, उभीच असते. उभी कुठे असायची ती! वाडीतल्या गरोदर बायका त्याच गाडीतून दवाखान्यात जायच्या आणि बाळ घेऊन त्याच गाडीतून परत यायच्या. प्रत्येक वळणावर तू हॉर्न वाजवायचीस, समोर कोणी असो वा नसो. तो ऐकला की शेजारचे बापूकाका कुंपणाच्या दगडी गडग्यावर बसल्या बसल्या पाय वर घ्यायचे. बाबांचे चुलतभाऊ म्हणून तुला बोलायचा हक्क होता त्यांना, पण पाय वर घेण्यापलीकडे ते कधी काही बोलले नाहीत.

मग ती दुपार आली. वैजू नांदगावहून माहेरपणाला आली होती आणि तू तिला बाजारात घेऊन निघालीस. पाणंदीच्या तोंडाशी डाव्या हाताला एक शाळकरी पोर सायकलवर होती. तू हॉर्न वाजवलास, पण पोर तुला दिसलीच नाही. वैजूने तुझ्या हातातलं स्टिअरिंग ओढलं म्हणून निभावलं. ती पोर तर मागे न बघता निघून गेली, तिला कळलंसुद्धा नाही. पण वैजूने सगळं बघितलं होतं. घरी आल्यावर खळ्यातच, बापूकाकांच्या देखत, तिने गाडीची चावी काढून घेतली. तू हात पुढे करून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "चावी दी." ती म्हणाली, "देणा नाय."

एवढंच झालं. आरडाओरडा नाही, काही नाही. पण त्या दिवसापासून तू वैजूशी बोलली नाहीस. तिचा फोन आला की तू आमच्याकडे नुसती बघायचीस आणि स्मिता काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. माझी बायको घाटावरची. तुम्हा मायलेकींचा हा अबोला तिला शेवटपर्यंत कळला नाही. भांडा आणि मोकळ्या व्हा, असं तिचं सरळ म्हणणं असायचं.

आणि मी काय केलं? मी चांगला मुलगा झालो. गाडीची दुसरी चावी अडीअडचणीला म्हणून माझ्याकडे ओरोसच्या क्वार्टरमध्ये होती. पुढच्याच शनिवारी मी ती आणून तुझ्या हातावर ठेवली. तू किती हसलीस तेव्हा! माझ्या डोक्यावर हात ठेवलास. इतकी वर्षं दर शनिवारी येतोय, सामान आणतोय, तुझ्या गोळ्यांचं बघतोय, पण तसा हात तू कधी ठेवला नव्हतास. त्या एका हातासाठी मी तुला रस्त्यावर सोडलं, माई. वैजूने जे बघितलं होतं ते तिने मला फोनवर सांगितलं होतं. मी म्हटलं, तू फार घाबरतेस.

गाडीच्या डाव्या अंगाला नवे नवे ओरखडे दिसायला लागले. गडग्याला घासायचीस तू. डावा आरसा तर कायम मुडपलेला. ते ओरखडे मी रंग लावून बुजवायचो, वैजू आलीच तर दिसू नयेत म्हणून. रंगाची छटा नीट जुळली नाही, अजून दाराकडे बघितलं की कळतं. पुढे तूच आपणहून गाडी मांगराच्या छपराखाली लावलीस आणि वर जुनं लुगडं पसरलंस. मी विचारलं नाही का, आणि तूही सांगितलं नाहीस.

आता अडचणीचा मुद्दा.

दवाखान्यात, मी उशाशी बसलो होतो. स्मिता डबा आणायला गेली होती. सकाळीच डोळ्यांचे डॉक्टर तपासून गेले होते आणि काचबिंदूचं सांगून गेले होते. तू बराच वेळ छताकडे बघत होतीस. मग म्हणालीस, "माका डाव्या बाजूचा दिसत नाय, नंदू. कधीपासून दिसणा नाय. वैजूचा बरोबर होता. तिका सांग, माझो राग नाय. गाडी तिकाच दी. तिका दोन्ही बाजूचा दिसता."

मी हो म्हटलं. तू डोळे मिटलेस. त्यानंतर तू पाणी मागितलंस, स्मिताला हाक मारलीस, पण सलग असं काही बोलली नाहीस. म्हणजे तुझं शेवटचं बोलणं माझ्याशी झालं आणि त्यात मी कुठेच नव्हतो! शनिवारचा मी नव्हतो, दवाखान्यातल्या खुर्चीत बसून झोपणारा मीही नव्हतो. होती ती वैजू. आणि वैजूचं बरोबर होतं, तर मग दुसरी चावी आणून देणाऱ्याचं काय होतं? ते तू बोलली नाहीस. पण मला ऐकू आलं.

निरोप सांगण्यासारख्या वेळा पुष्कळ आल्या. वैजू दवाखान्यात पोचली तेव्हा तू गेलेली होतीस. तुझ्या पायांवर डोकं ठेवून ती बसली होती आणि मी मागे उभा होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं, एवढंसं तर वाक्य. मी मनात म्हटलं, कार्य होऊ दे. कार्य झालं, मग म्हटलं पाऊस सरू दे.

अस्थी समुद्रात सोडायच्या होत्या. माईला तिच्याच गाडीतून न्यायचं, ही कल्पना माझी. सगळ्यांनी वाखाणली. बापूकाकांचे तर डोळे भरून आले. मी ऐटीत गाडी खाडीच्या तोंडाशी ओल्या वाळूत नेऊन उभी केली. विधी चालू असताना भरती चढत होती, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. बघतो तर पुढची चाकं अर्धी पाण्यात. शेवटी रापणीचं जाळं ओढणाऱ्या लोकांनी ढकलून बाहेर काढली. त्यातला एकजण म्हणाला की गोड्या पाण्याने चाकं नीट धुऊन घ्या. मी हो म्हटलं. 'हो' म्हणायला मला काही लागत नाही, हे तुला सांगायला नको. गाडी तशीच मांगरात लावली, तुझं लुगडं वर टाकलं आणि ओरोसला निघून गेलो. मग पाऊस लागला.

गाडी तिची आहे, एवढं मात्र मी वैजूला कळवलं. ते दडवता येण्यासारखं नव्हतं, कारण स्मिताला मी दवाखान्यातच सांगून बसलो होतो. पण स्मितालाही मी फक्त गाडीचंच सांगितलं. निरोपाचं शेपूट तेवढं दिलं आणि तोंड माझ्याकडे ठेवलं. वैजूने फोनवर विचारलं, "आणि काय म्हणाली माई?" मी म्हटलं, आणखी काही बोलण्याच्या अवस्थेत नव्हती. तुझ्या तोंडी मी खोटं घातलं नाही, माई. खरं तेवढं गिळलं. यात फरक आहे, अशी मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होतो.

दसरा झाल्यावर वैजू गाडी न्यायला आली. बॅटरी मी आदल्या दिवशी चार्ज करून ठेवली होती. तिने काचा पुसल्या, सीटवरची तुझी उशी हातात घेतली, पुन्हा होती तिथेच ठेवली. चावी तिने आपली आणली होती, तीच, त्या दिवशी काढून घेतलेली. आम्ही सगळे खळ्यात उभे. बापूकाकांनी चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडी चालू झाली, ब्रेक दाबून सोडला, मांगरातून बाहेर आली आणि फाटकाकडे जायच्या ऐवजी डावीकडे ओढायला लागली. डावीकडे म्हणजे घराकडे. वैजू स्टिअरिंग उजवीकडे वळवत होती आणि गाडी कण्हत कण्हत घराकडेच जात होती. तुळशीपाशी येऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. चाकातून धूर आणि करपल्याचा वास.

मग बापूकाका हळूच म्हणाले, "माई जावंक देणा नाय."

मी वैजूकडे बघितलं. ती स्टिअरिंग धरून समोर बघत होती. रडली नाही. म्हणाली, "तिचो राग अजून जावंक नाय, दादा."

दादा म्हणून तिने माझ्याकडे बघितलं, माई. मी बोलायची वाट बघत होती ती. दोन पावलांवर तर उभा होतो. आणि मी काय करावं? मी गाडीच्या टायरकडे बघायला लागलो.

बापूकाकांनी गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आपल्याकडे काहीही अडलं की गाऱ्हाणं, तुलाच कितीदा हसताना बघितलंय त्यावर. नर्स होतीस, ताप आला तर आधी थर्मामीटर लावायचीस, गाऱ्हाणं नंतर. पण तिथे थर्मामीटर लावणारं कोणी उरलं नव्हतं. बॉनेटवर नारळ आणि विडा ठेवला. काकांनी डोक्यावर टॉवेल घेतला, हात जोडले आणि तुला हाक मारली. "माई, तुझ्या लेकीचा काय चुकला माकला असात, ता पदरात घी. लेक तुझीच आसा. तिची वाट मोकळी कर."

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

मीही म्हणालो. माझा आवाज मला नीट ऐकू आला. वैजूचा तेवढा आला नाही. ती हात जोडून, मान खाली घालून उभी होती, आपली चूक मान्य असल्यासारखी. तिची चूक! जिने त्या पोरीला वाचवलं, तुला वाचवलं, तिच्या नावाने आम्ही तुझ्यापुढे क्षमा मागत होतो, आणि तुझी क्षमा माझ्या खिशात पडून होती. या हातांनी मी रोज सह्या करतो, जेवतो, पण तेव्हा ते जोडलेले होते याची मला जेवढी लाज वाटते तेवढी कशाची वाटत नाही.

गाऱ्हाण्यानंतर गाडी पुन्हा चालू केली. एव्हाना ती थंड झाली होती. जराशी हलली, परत डावीकडे वळली, परत बंद. मग चौघांनी मागे ढकलली, तर मांगरात मात्र गपगुमान गेली. झालं! कोणाच्या मनात शंकाच उरली नाही. घरात यायला तयार आहे, बाहेर जायला नाही.

वैजू संध्याकाळच्या एसटीने गेली. जाण्याआधी आत आली आणि आपली चावी तिने तुझ्या फोटोपुढे ठेवली. स्मिताने घेऊन जा म्हणून आग्रह केला, तर म्हणाली, जिची आहे तिच्याकडे राहू दे.

ओरोसला परत येताना स्मिता मला म्हणाली, "अहो, गाडी आहे ती. मेस्त्रीला दाखवा." मी हो म्हटलं. दर आठवड्याला ती तेच म्हणायची आणि मी तेच. मला मेस्त्री नकोच होता, माई. तू गाडी अडवून धरली आहेस तोवर मला काही बोलावं लागत नव्हतं. उलट वाडीतले लोक मला म्हणायचे, माईचा जीव तुझ्यात होता रे. आणि मी ते ऐकून घ्यायचो. जिवंतपणी जे तुझ्याकडून मिळालं नाही, ते मी एका गंजलेल्या चाकाकडून वसूल करत होतो.

शेवटी स्मितानेच परस्पर तिठ्यावरच्या उदय मेस्त्रीला फोन केला आणि मला रजा टाकायला लावली.

उदयबद्दल काय सांगू? तू त्याला बडबड्या म्हणायचीस, तसाच आहे. आधी म्हणाला क्लच गेला. मग म्हणाला हँडब्रेक, आणि मागचं चाक खोलून बसला. तिथे काही सापडेना तेव्हा चहा मागितला. स्मिताने चहा देता देता सांगितलं की धूर पुढच्या डाव्या चाकातून आला होता. "मगे आधी सांगूचा ना, वैनी," म्हणाला आणि बसला तिकडे.

चाक काढल्यावर दिसलं. ब्रेकची एक लोखंडी तबकडी असते, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरणारा कॅलिपर. पाय दाबला की त्यातला पिस्टन बाहेर येतो आणि तबकडी आवळतो, पाय काढला की सोडतो. आपला पिस्टन बाहेर आला तो परत गेलाच नाही. त्याच्यावरचं रबर फाटलं होतं, आत खारं पाणी गेलं होतं, सगळीकडे लाल गंज. ज्या पिनांवर तो चिमटा सरकतो त्यासुद्धा जाम. डावं चाक धरलेलं आणि उजवं मोकळं, म्हणून गाडी डावीकडे ओढत होती. आपल्या घराला फाटक डावीकडे असतं, तर तीच गाडी बाहेर पळत सुटली असती आणि बापूकाका म्हणाले असते, माईला लेकीकडे जायची घाई झाली आहे.

उदयने विचारलं, गाडी समुद्रात घातली होती काय? मी म्हटलं, थोडी.

पिस्टन निघता निघत नव्हता. ठोकून झालं, तेल सोडून झालं. मग त्याने मला आत बसवून ब्रेक मारायला लावला, तेलाच्याच दाबाने तो ढकलून बाहेर काढायचा म्हणून. तुझ्या सीटवर मी अस्थींच्या दिवशीही बसलो होतो, माई, पण तेव्हा ऐटीत होतो, आज बघितलं. सीट किती पुढे ओढलेली होती! माझे गुडघे स्टिअरिंगला लागत होते. तुझी उशी पाठीला. पिस्टन सुटला तेव्हा आवाज झाला आणि उदय खाली काहीतरी शिवी देऊन हसला. मग त्याने पॉलिश पेपरने तो घासला, कणकवलीहून मागवलेलं नवं रबर घातलं, पिनांना ग्रीस लावलं. शेवटी ब्रेकमधली हवा काढायची होती. ते काम एकट्याने होत नाही. एकाने बाहेर नट सैल करायचा, दुसऱ्याने आत पाय दाबून धरायचा. उदय खालून ओरडायचा, मारा, धरून ठेवा, आता सोडा. परत मारा, धरून ठेवा.

पाय दाबून मी समोर बघत राहिलो. पुढच्या काचेतून तुळस दिसत होती आणि वैजू जिथे हात जोडून उभी होती ती जागा. धरून ठेवा, उदय म्हणत होता, अजून हवा आसा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तर पुसायलाही वाकता येईना, पाय सुटेल म्हणून. उदयने वर बघितलं, परत खाली बघितलं आणि नट आवळायला लागला. त्याला वाटलं असेल, आईची आठवण आली. आलीच होती, पण तशी नाही.

दुपारी मी वैजूला फोन केला. खरं सांगतो, तेव्हाही माझा विचार स्वस्तात सुटायचा होता. म्हटलं ब्रेक जाम झाला होता, खारं पाणी गेलं होतं, आता गाडी ठीक आहे, घेऊन जा. झालं गेलं मिटलं. ती सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "गंज काय रोज धरता, दादा. त्याच दिवशी, मी बसल्यारच गाडी कित्याक अडली?"

का म्हणून विचारलं, तर मी परत खाऱ्या पाण्याचंच सांगायला लागलो. गंजाचं कारण तिला पुरणार नाही. तिला तुझं उत्तर मिळालंय, म्हणजे मी मिळू दिलंय, आणि मेस्त्रीच्या हातून ते सुटायचं नाही. ती म्हणाली गाडी तिथेच राहू दे, दादा, तुम्ही वापरा. आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

आता एक तुला विचारतो, रागावू नकोस. तू स्वतः का नाही सांगितलंस तिला? दवाखान्यात फोन माझ्या खिशात होता. नुसतं 'वैजूक लाव' म्हणाली असतीस तर मी लावला असता. एवढा कसला ताठा? सगळ्या वाडीची बाळंतपणं केलीस, कोणाच्याही दारात चप्पल काढून गेलीस, आणि पोटच्या पोरीला 'तुझा बरोबर होता' म्हणायला तुला मध्ये मी लागलो! आणि मी कसा आहे हे तुला ठाऊक नव्हतं? की ठाऊक होतं म्हणूनच मला सांगितलंस? तुला डाव्या बाजूचं दिसत नव्हतं, पण माझं दिसत होतं का, माई? चावी हातावर ठेवली तेव्हाच दिसलं होतं का?

मगाशी उदय गेल्यावर गोड्या पाण्याने चारही चाकं धुतली. मग गाडीतच बसून ते वाक्य मोठ्याने म्हणून बघितलं. शेजारची सीट रिकामी होती, तिकडे तोंड करून म्हटलं. पहिल्यांदा वैजूच्या नावापलीकडे गेलो नाही. दुसऱ्यांदा मी प्रमाण मराठीत म्हटलं, ऑफिसात म्हणतात तसं, आणि ते इतकं खोटं वाटलं की लगेच थांबलो. मग तू म्हणाली होतीस तसंच म्हटलं. तेवढं जमलं. स्मिता दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. तशीच आत गेली. रात्री बोलेल. बोलू दे.

बापूकाकांना जाऊन सांगून आलो की उद्या माझ्याबरोबर यायचं. ते म्हणाले, मी कशाला? म्हटलं, गाऱ्हाणं तुम्ही घातलंत ना, मग त्याचं उत्तर ऐकायलाही तुम्हीच हवेत. त्यांना वाटतंय गाडी सुटली त्याबद्दल तुला नारळ द्यायचा आहे. सोलून ठेवलाय त्यांनी. त्यांच्या पुढ्यातच बोलणार आहे मी, नाहीतर तिकडे चहा पिऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून परत येईन. मला ओळखतोस ना तू? असं आता मीच मला विचारतोय.

तर माई, वचन देतो. उद्या वैजूच्या खळ्यात गाडी उभी केल्यावर आत जाणार नाही, पाणीसुद्धा घेणार नाही. आधी तुझा निरोप सांगेन, सगळा, तुझ्याच शब्दांत. मग दुसरी चावी कोणी आणून दिली ते सांगेन आणि डाव्या दारावरचा रंग दाखवीन. दोन्ही चाव्या तिच्या हातात देईन, फोटोपुढची आणि माझ्याकडची. ती मला घरात घेईल की नाही, माहीत नाही. नाही घेतलं तर बापूकाकांना घेऊन हायवेपर्यंत चालत येईन आणि एसटी पकडेन.

आणि तिने परत विचारलं ना, गाडी त्याच दिवशी कित्याक अडली, तर या वेळी टायरकडे बघणार नाही. तिच्याकडे बघून सांगेन, "माईन गाडी अडवूक नाय, वैजू. मी अडवलंय."

तुझो,
नंदू